टॅबचं काउंटर आणि बाळकुमचा बँडमास्तर

टॅब विकायला उभं राहिलं की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "ताई, यात आणि मोबाईलमध्ये फरक काय?" सुरुवातीच्या काळात याचं उत्तर द्यायला मला फार आवडायचं. पुढे पुढे गिऱ्हाइकाच्या हातातला मोबाईलच एवढा लांबरुंद दिसायला लागला, की उत्तर द्यायच्या आधी मीच जरा थांबायची.

मी मंगल. राहायला कल्याणला आणि नोकरी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. लागले तेव्हा मिक्सर आणि इस्त्र्यांच्या विभागात होते. टॅब नवे नवे आले तेव्हा आमचे मालक महेंद्रभाई यांनी त्यांच्यासाठी वेगळं काउंटर केलं, अगदी दाराशी, आणि तिथे मला उभं केलं. दुकानातल्या पोरांना वाटलं, एखाद्या इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या मुलाला घेतील. महेंद्रभाईंचं म्हणणं वेगळं होतं. मिक्सरचं भांडं नीट कसं बसवायचं हे मी एकाच बाईला न चिडता पुन्हा पुन्हा सांगते, हे त्यांनी पाहिलं होतं. नव्या वस्तूला असंच माणूस लागतं, म्हणाले.

ते दिवस थाटाचे होते. अख्खी कुटुंबं यायची. आजोबा, मुलगा, सून, नातवंडं असे सगळे काचेच्या टेबलाभोवती उभे राहून बोटं फिरवायचे. चरईतले एक निवृत्त गृहस्थ दर रविवारी यायचे, रुमालाने बोटं पुसायचे आणि आमच्या नमुन्याच्या टॅबवर सगळी वर्तमानपत्रं वाचून जायचे. विकत कधीच घेतला नाही. मध्येच काही आठवडे दिसले नाहीत तेव्हा मला काळजी लागली. मग आले ते पिशवीतून स्वतःचा टॅब घेऊन. मुलाने परदेशातून पाठवला होता, चांगला आहे का बघा म्हणाले. चांगलाच होता. तरी पुढच्या रविवारी ते पुन्हा आमच्याच टेबलाशी. घरचा वापरून खराब होईल, असं त्यांचं म्हणणं.

मग हळूहळू गर्दी ओसरली. लोक मला विचारतात, टॅबचं नक्की काय झालं? माझ्या परीने सांगते. मोबाईल मोठे झाले, लॅपटॉप हलके झाले आणि टॅब दोघांच्या मध्ये अडकला, घरातल्या मधल्या भावासारखा. शिवाय तो टिकला. मोबाईल खिशातून पडतो, गर्दीत आपटतो, दोनतीन वर्षांत माणूस कंटाळून नवा घेतो. टॅब सोफ्यावरून पलंगावर आणि पलंगावरून सोफ्यावर, एवढाच त्याचा प्रवास. एकदा घेतला की गिऱ्हाईक पुन्हा फिरकतच नाही. वस्तू चांगली निघाली म्हणून धंदा बसला, असं मी पहिल्यांदा पाहिलं. मध्ये शाळा घरात भरायला लागल्या तेव्हा आमच्याकडे एकही नग शिल्लक राहीना. पण शाळा उघडल्या आणि तेच टॅब कपाटात चादरींच्या घडीखाली गेले. आमचं काउंटर दारातून दुकानाच्या मध्यावर आलं आणि मध्यावरून पार मागे, मिक्सरच्या शेजारी. म्हणजे मी जिथून निघाले होते तिथेच परत.

गिऱ्हाईक कमी झालं तसा मला एकेकासाठी वेळ मिळायला लागला. टॅब घ्यायला आलेल्याला मी आधी किंमत किंवा कंपनी विचारायची नाही. विचारायची, वापरणार कोण, आणि बसून वापरणार, झोपून की उभ्याने? झोपून वाचणाऱ्याच्या हाताला मोठा टॅब पेलत नाही, नाकावर पडतो. उभ्याने वापरणाऱ्याला एका हातात धरता आला पाहिजे. मानपाड्याच्या एका कारखानदाराला यंत्राशी उभं राहून नकाशे बघायचे होते. त्यांना मी महागडा सोडून जाड कडांचा, रांगडा टॅब दिला, कारण तेलकट हातातून तो निसटला नसता. अनोळखी कंपनीचा स्वस्त टॅब दुकानाच्या उजेडात छान दिसतो, म्हणून तो दाराबाहेर नेऊन बघावा. कंपनी किती वर्षं त्याची सॉफ्टवेअरं नवी करून देणार ते विचारावं, नाहीतर धडधाकट टॅबवर बँकेचं ॲप चालेनासं होतं. आणि घरात मोठा मोबाईल आणि लॅपटॉप दोन्ही असतील तर बहुतेकांना टॅब लागतच नाही. असं सांगून मी कितीतरी लोकांना परत पाठवलंय. महेंद्रभाई दुरून बघायचे, पण अडवायचे नाहीत.

अशाच एका रिकाम्या दुपारी रीटा तिच्या वडिलांना घेऊन आली.

रीटा एका इस्पितळात नर्स आहे. वडील पास्कोल अंकल, ठाण्यातल्याच बाळकुमचे. तिथे आता चहूकडे टॉवर उभे राहिलेत, पण त्यांच्या मधोमध जुनं गाव आहे आणि त्यात यांच्यासारख्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांची घरं. रीटाला वडिलांसाठी टॅब हवा होता. घरी बसून प्रार्थना ऐकतील, जुने सिनेमे बघतील, वेळ जाईल, असं ती सांगत होती. अंकल शेजारी उभे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर माझ्या कानाच्या बाजूने मागच्या मिक्सरवर लागलेली. मला वाटलं, यांना जबरदस्तीने आणलंय.

मग रीटाने हळूच सांगितलं. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला होता. समोर बघितलं की मधोमध डाग दिसायचा, कडेकडेने मात्र दिसत होतं. म्हणून माझा चेहरा बघायचा तर त्यांना माझ्या कानाकडे बघावं लागत होतं. चष्म्याचा उपयोग नव्हता. इलाज होता तो पुढे वाढू नये एवढाच.

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, पण रीटाला नाही, त्यांना. अंकल, तुम्ही यावर काय करणार?

"मला काय नको, बाय," ते म्हणाले. "ही बोलते म्हणून आलो."

मी आग्रह केला नाही. नमुन्याच्या टॅबवर वर्तमानपत्राचं पान उघडलं, दोन बोटांनी अक्षरं ताणून मोठी केली आणि त्यांच्या हातात दिला. अशा गिऱ्हाइकांसाठी मी आणखी एक करायची, रंग उलटे करून द्यायची. म्हणजे पांढऱ्यावर काळी अक्षरं नाहीत, काळ्यावर पांढरी. झगझगाट जातो आणि कमी दिसणाऱ्याला अक्षर उठून दिसतं. त्यांनी टॅब जरा डावीकडे धरला, मान वळवली आणि एक मथळा वाचला. मग त्याखालचा वाचला.

"ह्याच्यात नोटेशन पण असं मोठं होतं?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मला कळलं की ते बँडमास्तर आहेत.

त्यांच्या वडिलांनी उभा केलेला बँड. लग्नं, गावचे सण, चर्चच्या मिरवणुका. पास्कोल अंकल कॉर्नेट वाजवायचे. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटसारखंच, पण आखूड आणि आवाजाला मऊ असं पितळी वाद्य. वाजवणाऱ्याच्या वाद्यालाच एक चिमटा असतो आणि त्यात पोस्टकार्डाएवढ्या कागदावर त्याच्या वाट्याचे सूर लिहिलेले असतात. सगळ्या वाद्यांचे असे कागद अंकल स्वतः लिहायचे. नवं गाणं ऐकायचं, ते कॉर्नेटला काय, क्लॅरिनेटला काय, खर्जात वाजणाऱ्या मोठ्या बासाला काय असं वाटून द्यायचं, हे त्यांचं खरं काम. डोळे गेल्यावर दोन्ही बंद झालं होतं. जुनी गाणी त्यांना पाठ होती, पण बँड काही जुन्या गाण्यांवरच चालत नाही. त्यांचा जोडीदार आंतोन दुसरा कॉर्नेट, म्हणजे मुख्य सुराच्या खालचा आवाज, वाजवायचा. त्यानेच एक दिवस घरी येऊन त्यांना आता आराम करायला सांगितलं होतं. बोलला प्रेमाने, असं रीटा म्हणाली. पण त्या दिवसापासून पप्पांनी कॉर्नेटची पेटी उघडली नव्हती. गावचा सण जवळ आला होता आणि त्यात एक नवं भजन वाजवायचं ठरलं होतं.

सिनेमे बघायचा टॅब विकणं मला दोन मिनिटांचं काम होतं. हे तसं नव्हतं. मी त्यांना चारपाच दिवसांनी यायला सांगितलं.

त्या दिवसांत मी दुकानातले सगळे टॅब एकेक करून फुटपाथवर नेले. उन्हात धरले, तिरके धरले. आतून पोरं बघून हसत होती. बहुतेक टॅब उन्हात आरसा होतात, त्यात आपलंच तोंड दिसतं. एक मोठा आणि झकास होता, पण इतका जड की साध्या स्टँडवर वाकायला लागला. लहान होते त्यांत सूर मोठे केले की ओळ मावेना. शेवटी एकच बरोबर सापडला. मध्यम आकार, हलका, पडदा झळझळीत, शिवाय सोबत पेन, म्हणजे त्यावर लिहिताही येणार. अडचण अशी की कंपनीने तो काढणंच बंद केलं होतं. मधल्या आकाराला गिऱ्हाईक नाही म्हणे. आमच्याकडे उरला होता तो काचेवर ठेवलेला नमुन्याचा नग. नमुन्याचे उरलेले नग कंपनीला परत पाठवायचे, असं महेंद्रभाईंनी कबूल केलं होतं. काउंटर महिन्याभरात उठवायचंही ठरलं होतं.

मी महेंद्रभाईंना सांगितलं, हा परत पाठवू नका. त्यांनी कारण विचारलं तेव्हा मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि कंपनीच्या माणसाला तिथल्या तिथे फोन लावला. बराच वेळ गुजराती, हिंदी आणि मराठीत मिळून वाद घातला. फोन ठेवून म्हणाले, "मंगलबेन, टॅबचा सेक्शन काढला तेव्हापासून एक तरी माणूस असा यावा असं वाटत होतं. द्या त्यांना." हे ते खरंच बोलले की मला बरं वाटावं म्हणून, ते मी विचारलं नाही.

अंकल आणि रीटा परत आले तेव्हा पुढचा प्रश्न निघाला. सूर एवढे मोठे केले की एका पडद्यावर जेमतेम दोन ओळी बसतात. म्हणजे सारखं पान उलटायचं, आणि कॉर्नेट वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले. पान आपोआप सरकवणारी ॲप असतात. मी एक लावून दाखवलं. ओळी एका लयीत वर जायला लागल्या. अंकलनी थोडं बघितलं आणि टॅब खाली ठेवला.

"बँड माझ्या मागून चालतो," ते म्हणाले. "मी मशीनच्या मागून नाय चालणार."

त्यांचा मुद्दा बरोबर होता. लय ठरवायची ती त्यांनीच. यावर मार्ग काढला तो रीटाने. शेजारच्या खुंटीवर सेल्फी काढायच्या काठ्या लटकत होत्या. त्यांच्यासोबत बोटाच्या पेराएवढं एक सुटं बटण येतं, ते दाबलं की लांबून फोटो निघतो. रीटाने ते हातात घेतलं आणि मला विचारलं की हे दाबून पान उलटेल का. आम्ही पेशंटच्या मुठीत बेल देतो ना, तशी ही, म्हणाली. मी टॅबला जोडून बघितलं. ते बटण आवाज वाढवायच्या कळीचं काम करतं, आणि वाचायच्या काही ॲपमध्ये त्या कळीने पान उलटायची सोय असते. उलटलं. कॉर्नेटच्या कळा उजव्या हाताने दाबतात, डावा हात नुसता धरायला. डाव्या अंगठ्यापाशी रीटाने ते बटण चिकटपट्टीने बसवायचं ठरवलं. अंकलनी नसलेलं कॉर्नेट हवेत धरलं आणि अंगठा हलवून पाहिला. पहिल्यांदाच हसले.

पुढचं सगळं रीटाचं काम. आंतोनने कुठूनतरी नव्या भजनाचे छापील सूर मिळवून दिले. तिने त्यांचे फोटो काढले, दोनदोन ओळींचे तुकडे केले, रंग उलटे केले आणि क्रमाने लावले. इस्पितळातली पाळी करून घरी आल्यावर हेच. कुठे अडलं की मला फोन करायची. एकदा तिने न बोलता फोन नुसता धरून ठेवला. पलीकडून कॉर्नेट ऐकू येत होतं. मध्येच अडखळायचं, मग तीच ओळ पुन्हा. मी मिक्सरच्या शेजारी उभी राहून ऐकत होते, आणि एक बाई मला चटणीचं भांडं दाखवा म्हणत होती.

सणाच्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी घेऊन बाळकुमला गेले. मिरवणूक दुपार कलताना निघाली. चालताना बँड जुनी, पाठ असलेली गाणी वाजवत होता. पास्कोल अंकल पुढे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, शेजारी आंतोन. आंतोन हा पन्नाशीचा, भरदार, अबोल माणूस. माझी ओळख करून दिली तेव्हा त्याने मान हलवली, पण रीटाच्या हातातल्या स्टँडकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं ती फार विश्वासाची नव्हती. वाटेत एक जुना क्रूस आहे, तिथे सगळे थांबतात. नवं भजन तिथे वाजवायचं होतं.

रीटाने स्टँड उभा केला, टॅब लावला. अंकलनी मान जरा वळवली, कॉर्नेट ओठांना लावलं, डाव्या पायाने जमिनीवर लय दिली आणि भजन सुरू झालं. बायका डोक्यावरचे पदर सावरून उभ्या होत्या. दोन ओळी झाल्या, अंगठा हलला, पान उलटलं. पुन्हा दोन ओळी. माझं लक्ष सुरांकडे कमी आणि त्या अंगठ्याकडेच जास्त होतं. टॉवरच्या फटीतून उतरतं ऊन नेमकं स्टँडवर पडलं होतं, ते मला दिसत होतं. पडदा उन्हात वाचता येतो याची खात्री मी करून घेतली होती. पण तो इतका वेळ उन्हात तापत ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता. मिरवणूकभर तो रीटाच्या काळ्या पिशवीतही तापलाच असणार. भजन निम्म्यावर आलं आणि पडद्यावर खूण उमटली, टॅब गरम झालाय, थंड होऊ द्या. आणि तो काळा झाला.

रीटाने धावत जाऊन ओढणीने सावली धरली, पण त्याचा उपयोग तेवढ्यात होणार नव्हता. अंकल अंगठा दाबत होते. दोनदा दाबला. मग त्यांनी कॉर्नेट ओठांपासून काढलं. बाकीची वाद्यं चालू होती, पण वरचा मुख्य सूरच नव्हता. घराचं छप्पर काढून घ्यावं तसं वाटलं.

त्यांनी आंतोनकडे तोंड वळवून हाताने खूण केली, वर जा. या भजनाचे सूर आंतोननेच आणले होते, मुख्य ओळ त्याला येत होतीच. त्याने आपली ओळ सोडून मुख्य सूर उचलला. भजन सावरलं. मला वाटलं, आता अंकल उभे राहून लय देतील आणि संपेल. पण त्यांनी कॉर्नेट पुन्हा ओठांना लावलं. आंतोनने सोडलेला दुसरा आवाज, मुख्य सुराच्या खालून जाणारा, तो ते वाजवायला लागले. त्यासाठी कागद नव्हता, पडदाही नव्हता. वरचा सूर ऐकायचा आणि त्याला जुळेल असा खालचा शोधायचा. सुरुवातीला दबक्या आवाजात, एखादा सूर चुकतमाकत. शेवटच्या कडव्यात मात्र दोन्ही कॉर्नेट असे एकत्र चालले होते की माझ्या शेजारची म्हातारी बाई डोळे मिटून डोलत होती. काय घडून गेलं ते तिला कळलंही नसेल.

मिरवणूक चर्चशी पोचल्यावर मी त्यांच्यापाशी गेले. मला वाईट वाटत होतं आणि ते मी त्यांना बोलून दाखवलं. त्यांचं लक्षच नव्हतं.

"बाय, लहानपणापासून मी पहिलाच वाजवला," ते म्हणाले. "सगळा बँड माझ्या मागे. आज खाली गेलो तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आपला बँड वाजतो कसा."

आंतोन बाजूला उभा होता. त्याने अंकलच्या हातातलं कॉर्नेट घेतलं, आपल्या रुमालाने पुसलं आणि पेटीत नीट ठेवलं.

त्या दिवसानंतर अंकलनी पहिल्या कॉर्नेटची जागा आंतोनला दिली. कोणी सांगितलं म्हणून नाही. ते स्वतः दुसरा वाजवायला लागले आणि त्यात त्यांना कानावर भागवता येत होतं. टॅब पुन्हा उन्हात नेला नाही. तो घरी खिडकीशी टेबलावर असतो. त्याच्यावर पेनाने, मोठ्या पांढऱ्या सुरांत, ते सबंध बँडसाठी लिहितात. डोळे गेल्यावर थांबलेलं ते खरं काम पुन्हा सुरू झालं. लिहिलेलं रीटा लहान करून छापते आणि सगळ्यांच्या वाद्यांच्या चिमट्यांत ते कागद जातात.

आमचं काउंटर ठरल्याप्रमाणे उठलं. तिथे आता एअर फ्रायर आहेत. मी निवृत्त होईपर्यंत तेही विकले, चांगले विकले. पण गिऱ्हाईक घरी गेल्यावर पुढे काय करत असेल, याचा विचार एअर फ्रायरने कधी करायला लावला नाही.

निवृत्तीनंतर मी अधूनमधून बाळकुमला जाते. गेल्या हिवाळ्यात गेले तेव्हा अंकलनी सहज विचारलं, तुमच्या कल्याणला कसली गाणी वाजतात? मी सांगितलं की आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला जयंतीची मोठी मिरवणूक निघते, तिथे हल्ली सगळं स्पीकरवर असतं. पूर्वी आमच्याकडे गायन पार्टी होती. माझे बाबा त्यात गायचे. दिवसा कारखान्यात आणि संध्याकाळी चाळीच्या ओट्यावर. त्यांनी स्वतः जोडलेलं एक गाणं होतं, कुठे छापलेलं नाही, रेकॉर्ड केलेलं नाही. बाबा गेले, त्यांच्याबरोबरचे लोकही गेले आणि आता त्याची चाल येणारी बहुधा मी एकटीच.

"म्हणा," अंकल म्हणाले.

मी लाजले. माझा काही गाण्याचा गळा नाही. पण त्यांनी टॅब ओढला, पेन घेतलं आणि मान वळवून थांबून राहिले. मी म्हटलं. एक ओळ झाली की थांबवायचे, कॉर्नेटवर हळूच वाजवून विचारायचे, असंच? मी नाही म्हटलं की पुन्हा. एके ठिकाणी बाबा सूर जरा लांबवायचे ते माझ्या लक्षात होतं पण गळ्यातून येत नव्हतं. मी हाताने दाखवलं. त्यांनी ते बरोबर धरलं. रीटा चहा घेऊन आली तेव्हा काळ्या पडद्यावर माझ्या बाबांचं गाणं पांढऱ्या ठिपक्यांत उतरलेलं होतं. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, तरी मी ते बराच वेळ बघत बसले.

जयंतीला त्यांचा बँड कल्याणला आला. वस्तीतल्या मंडळाला मी विचारलं होतं, आणि मुलांना स्पीकरपेक्षा खरी पितळी वाद्यं बघायचीच हौस होती. संध्याकाळी मिरवणूक आमच्या गल्लीत शिरली. आई दारात खुर्चीवर बसली होती. तिला मी आधी काही सांगितलं नव्हतं. बँड आमच्या दारासमोर थांबला, अंकलनी पायाने लय दिली आणि आंतोनने बाबांची पहिली ओळ उचलली.

आईने खुर्चीचा दांडा घट्ट धरला. ती रडली नाही. ऐकत राहिली. धाकट्या पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला, त्यांना ते नवं गाणं वाटत होतं. दुसऱ्या कडव्यापासून खालचा आवाज सुरू झाला. बाबांच्या गाण्याला दुसरा आवाज कधी नव्हता. पार्टीतले सगळे एकाच सुरात म्हणायचे.

आईने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, खालून वाजवतायत ते कोण? मी अंकलकडे बोट दाखवलं. ते तेव्हा आमच्या दाराच्या जरा बाजूला बघत होते, म्हणजे आमच्याकडेच.

"पार्टी होती तरी हे आपले एकटे एकटेच गात राहायचे," आई म्हणाली. "आज कोणीतरी सोबत केली त्यांना."

मग तिने मला जायला सांगितलं आणि बँडवाल्यांना सरबत दे म्हणाली. मी जग आणि पेले घेऊन बाहेर आले, पण गाणं अजून चालू होतं. म्हणून ते संपेपर्यंत तशीच उभी राहिले.